एकट्याचा वाद्यवृंद : माइक ओल्डफील्ड

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी मंडपात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून दिला आहे.)

 

मी वक्ता नाही. बिलासपूरला आल्यापासून आपण मला या मंडपात झांजा वाजवताना पाहिलंय, कधी पेटीवर पाहिलंय, ढोलकीवाला आला नाही तर ढोलकीवर पाहिलंय, आणि सगळ्यात जास्त 'हॅलो, हॅलो, माइक चेक' करताना पाहिलंय. आज त्याच माइकसमोर उभं राहून मला दुसऱ्या एका माइकबद्दल बोलायचं आहे.

सांस्कृतिक सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी 'माइक ओल्डफील्ड' म्हटलं. शेजारी बसलेले आपले एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, "म्हणजे बॉडीलाइन मालिकेत डोक्याला चेंडू लागला तो विकेटकीपर ना?" तो बर्ट ओल्डफील्ड, काका. हा माइक. हा गिटार वाजवतो. नुसती गिटारच नाही. पियानो, ऑर्गन, मँडोलिन, बासरीसारखी छोटी शिट्टी, टिंपनी नगारे, घंटा, जे हाताला लागेल ते वाजवतो. लोक त्याला रॉकवाला म्हणतात. रॉक म्हणजे केस वाढवून आरडाओरडा, असं ज्यांचं मत आहे त्यांनी घाबरू नये. याच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर पाऊण तास जवळजवळ शब्दच नाहीत.

आता डिप्लोमा झालेल्या एका सिग्नलवाल्याचा याच्याशी संबंध कुठून आला? २००३ साली मी सिकंदराबादला 'इरिसेट'मध्ये ट्रेनिंगला होतो. खोलीत माझा जोडीदार शिलाँगचा होता. तिकडच्या मुलांना रॉकचं वेड आपल्याकडच्या नाट्यसंगीतासारखं, घरातूनच आलेलं. त्याच्याकडे एक कॅसेट होती, ती तो रात्री दिवे गेल्यावर लावायचा. पहिल्या रात्री मला वाटलं टेप अडकली. पियानोवर बारीक आवाजात तेच ते, तेच ते चाललेलं. मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे सवयीनं बोटांवर मात्रा मोजायला लागलो आणि दरवेळी चुकायला लागलो. सोळा धरल्या की एक कमी पडायची. शेवटी कळलं, पंधरा आहेत. सात आणि आठ. तीनतालातली एक मात्रा कुणीतरी काढून घेतल्यासारखं. आपल्याकडे पंचम सवारी आहे पंधरा मात्रांची, पण हे काही त्या ठेक्याचं नाही. ती एक मात्रा नसल्यामुळे ते कधी टेकतच नाही, सारखं पुढे सरकत राहतं. त्या रात्री मी झोपलो नाही.

कॅसेटचं नाव 'ट्यूब्युलर बेल्स'. प्रकाशन २५ मे १९७३. वाजवणाऱ्याचं वय तेव्हा वीस वर्षं आणि दहा दिवस.

माइकचा जन्म १५ मे १९५३ चा, इंग्लंडमधल्या रेडिंग गावचा. वडील डॉक्टर, आई आयर्लंडची, नर्स. थोरली बहीण सॅली, थोरला भाऊ टेरी, दोघंही पुढे संगीतातच गेले. हा शाळकरी वयातच गिटार घेऊन लोकसंगीताच्या क्लबात जाऊन बसायचा. शाळा लवकर सुटली. बहीण-भाऊ मिळून 'सॅलिअँजी' नावानं एक रेकॉर्ड काढली. १९७० मध्ये केव्हिन एअर्स या गायकाच्या बँडमध्ये हा बास गिटार वाजवायला लागला; त्याच बँडमध्ये डेव्हिड बेडफर्ड नावाचा रीतसर शिकलेला संगीतकार होता, त्याच्याकडून याला वाद्यवृंदाच्या संगीताची ओळख झाली. बँडचं रेकॉर्डिंग लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत व्हायचं, बीटल्सच्या त्याच. हा पोरगा बाकीच्यांच्या आधी तिथे पोचायचा आणि तिथली पडलेली वाद्यं एकेक करून वाजवून बघायचा. कुणी शिकवलं नाही. आपल्या मंडपात आरती संपल्यावर लहान मुलं ढोलकी-पेटीला हात लावतात आणि आपण ओरडतो, त्याची मला इथे आठवण होते.

बँड मोडल्यावर एअर्सनं त्याला एक टेपरेकॉर्डर वापरायला दिला. दोन ट्रॅकचा. आता पुढची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण मला आवडलेली ही पहिली गोष्ट होती आणि ती संगीताची नाही, जुगाडाची आहे.

टेपरेकॉर्डरमध्ये टेप तीन हेडवरून जाते. पहिलं हेड जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं, तिसरं वाचतं. म्हणून एकावर दुसरं रेकॉर्ड केलं की पहिलं जातं. या पोरानं काय केलं, तर पुसणाऱ्या हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा लावून ते झाकून टाकलं. झालं! आता जुनं पुसलं जाईना. गिटार वाजवली, टेप मागे घेतली, त्यावर ऑर्गन वाजवला, पुन्हा मागे, त्यावर आणखी काही. लंडनमधल्या टॉटनहॅमच्या भाड्याच्या खोलीत रात्र-रात्र बसून एकट्यानं सगळा वाद्यवृंद उभा केला. यात धोका एकच, चुकलात तर ते थर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. आमच्याकडे सेफ्टी गिअरला असं काही झाकलं तर नोकरी जाईल. पण ते बाजूला ठेवू.

ती टेप घेऊन तो रेकॉर्ड कंपन्यांकडे फिरला. गायक नाही, ड्रम नाहीत, वीस-पंचवीस मिनिटांचा एकच तुकडा, विकायचा कसा? सगळ्यांनी परत पाठवलं. तो स्वतः सांगतो की सोव्हिएत युनियनमध्ये सरकार संगीतकारांना पगार देतं असं ऐकून तिकडे जावं का, म्हणून तो त्यांच्या वकिलातीचा नंबर शोधत होता. तेवढ्यात फोन आला.

फोन होता सायमन ड्रेपरचा, रिचर्ड ब्रॅन्सनच्या भागीदाराचा. ब्रॅन्सन हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तो पोस्टानं रेकॉर्डी विकणारा, काही दुकानं असलेला विशी-बाविशीतला मुलगा होता. ऑक्सफर्डजवळ 'मॅनर' नावाच्या जुन्या वाड्यात त्यानं स्टुडिओ बांधला होता. माइक तिथे आधी दुसऱ्याच कुणाच्या साथीला गेला होता, तेव्हा त्यानं टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ या रेकॉर्डिस्ट लोकांना आपली टेप ऐकवली होती. त्यांनी ती विसरू दिली नाही. नोव्हेंबर १९७२ मध्ये ब्रॅन्सननं माइकला स्टुडिओ दिला. किती दिवस? एक आठवडा.

त्या आठवड्यात पहिली बाजू झाली. दुसरी बाजू करायला वेळ विकत मिळणार नव्हता. मग दुसऱ्या कलाकारांची बुकिंग संपली की मधल्या रिकाम्या वेळात, रात्री-अपरात्री, १९७३ च्या वसंतापर्यंत तो काम करत राहिला. आमच्या खात्यातले लोक हसतायत मागे, त्यांना कळलं. दोन गाड्यांच्या मध्ये आम्हाला ब्लॉक मिळतो, दीड तास, दोन तास. त्यात पॉइंट उघडायचा, काम करायचं, पुन्हा टेस्ट करून द्यायचं. हा माणूस ब्लॉकमध्ये संगीत करत होता.

मशीन सोळा ट्रॅकचं. दुसऱ्या बाजूला थोडे ड्रम, एक बासरी, बहिणीचा आणि आणखी एकीचा आवाज असे मोजके लोक सोडले तर बाकी जवळजवळ सगळी वाद्यं त्याची एकट्याची, वीसच्या वर. शेवटी सगळे थर एकत्र करायचे तेव्हा संगणक नव्हता. पाचसहा माणसं मिक्सरवर हात ठेवून, कागदावर लिहिलेल्या वेळेप्रमाणे एकाच वेळी खटके वर-खाली करत होती. कुणाचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि घंटा. मॅनरमध्ये आधी जॉन केल नावाच्या कलाकाराचं काम चालू होतं. त्याची वाद्यं बाहेर नेत असताना माइकला त्यात उभ्या टांगलेल्या पितळी नळ्यांची एक चौकट दिसली. चर्चच्या घंटेचा आवाज काढायला मोठ्या वाद्यवृंदात त्या वापरतात, त्यांनाच ट्यूब्युलर बेल्स म्हणतात. तो म्हणाला, ही इथेच राहू द्या. वाजवायला त्या वाद्याची खास मुलायम मोगरी असते. तिनं त्याच्या मनातला आवाज निघेना. मग त्यानं साधी लोखंडी हातोडी घेतली.

मंडळी, आपल्यापैकी ज्यांचं बालपण छोट्या स्टेशनांवर गेलं त्यांना रुळाचा टांगलेला तुकडा आठवत असेल. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटली की पोर्टर हातोडीनं तो वाजवायचा. गोंदियाच्या बाजूला माझे बाबा नोकरीला असताना तो आवाज मी झोपेत ऐकलाय. पहिली बाजू संपत आली आणि ती घंटा वाजली, तेव्हा इरिसेटच्या खोलीत मी शिलाँगच्या पोराला म्हटलं, "अरे, ये तो हमारा स्टेशन है!" त्याला काही कळलं नाही.

घंटेच्या आधी एक सूत्रधार एकेका वाद्याचं नाव पुकारतो आणि ते वाद्य येऊन मिळतं. तो आवाज व्हिव्हियन स्टॅन्शॉल या विनोदी गायकाचा. त्याचा बँड पुढच्या रेकॉर्डिंगसाठी मॅनरमध्ये येऊन थांबला होता, म्हणून त्यालाच धरलं. आपल्या कार्यक्रमातही निवेदक साथीदारांची नावं घेतात आणि टाळ्या पडतात. फरक एवढाच की इथे नावं पुष्कळ आणि माणूस एकच!

रेकॉर्डच्या पाकिटावर समुद्राच्या वर तरंगणारी वाकलेली चकचकीत नळी, ट्रेव्हर की यानं केलेली. नंबर व्ही-२००१. व्हर्जिन रेकॉर्ड्सचं हे पहिलं प्रकाशन. चार दिवसांनी जॉन पील यानं ती बीबीसी रेडिओवर वाजवली. डिसेंबर १९७३ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' हा भुताचा सिनेमा आला, त्यात सुरुवातीचे सूर घेतले होते. घेतले अगदी थोडे, पण त्यानं जगभर कान टवकारले. १९७५ मध्ये ग्रॅमी मिळालं. एकट्या ब्रिटनमध्येच आजवर २५ लाखांच्या वर प्रती गेल्या. एक गंमत अशी की १९७४ च्या सप्टेंबरात त्याची दुसरी रेकॉर्ड 'हर्जेस्ट रिज' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली, आणि तिला तिथून खाली कोणी ओढलं, तर त्याच्याच पहिल्या रेकॉर्डनं.

त्या पैशावर व्हर्जिनचा डोलारा उभा राहिला. पुढे विमानं आली, आणि आमच्या आवडीची गोष्ट म्हणजे १९९७ ते २०१९ या काळात इंग्लंडमध्ये व्हर्जिनच्या नावाच्या रेल्वेगाड्याही धावल्या. पंधरा मात्रांवर चाललेली रेल्वे कंपनी जगात दुसरी नसेल.

आता ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो पोरगा कुठे होता? २५ जून १९७३ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम ठेवला होता. तो नाही म्हणत होता. ब्रॅन्सन सांगतो की त्याला स्टेजवर नेण्यासाठी मी माझी बेंटली गाडी देऊन टाकली. कार्यक्रम झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि तो मात्र वेल्सच्या सीमेवर हर्जेस्ट रिज नावाच्या डोंगराजवळ घर घेऊन गेला. मुलाखत नाही, दौरा नाही. डोंगरावर खेळण्यातली विमानं उडवायचा. पत्रकारांना वाटलं, पोरगं घमेंडखोर आहे. मलाही ट्रेनिंगच्या दिवसांत तसंच वाटायचं. एवढं यश मिळूनही लपून बसतो म्हणजे काय?

याचं उत्तर मला २०१२ मध्ये मिळालं. ते सांगण्यासाठी मला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल. घरी सौ.ची परवानगी घेतली आहे.

जुलै महिना होता, धुवाधार पाऊस. यार्डात पाणी भरून ट्रॅक सर्किट बसले, त्यात एक पॉइंट फेल. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. कंट्रोलचा फोन दर दोन मिनिटांनी. असे फेल्युअर मी शेकड्यांनी अटेंड केले होते. त्या रात्री रिले रूममध्ये उभा असताना एकदम माझी बोटं बधिर झाली. छातीवर कुणी तरी गुडघा ठेवावा तसं झालं. श्वास आत जाईना. मला खात्री पटली की आता मी इथेच, या रिलेंच्या मध्ये मरणार. हेल्परनं धरून बाहेर आणलं. दवाखान्यात ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, आराम करा.

घरी आठ दिवस रजेवर होतो. झोप येईना, कारण झोपलो की परत होईल ही भीती. २७ जुलैच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे २८ तारीख लागली होती, दोन-सव्वादोनच्या सुमारास टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन चालू होतं. मैदानभर दवाखान्याचे पलंग, त्यावर मुलं, भोवती नाचणाऱ्या नर्सेस. आणि मध्ये स्टेजवर गिटार घेऊन एक माणूस. मी उठून आवाज मोठा केला. तेच सूर! सौ. जागी झाली. मी तिला म्हटलं, "हा तो, जो लपून बसतो." आणि तो अख्ख्या जगासमोर उभा राहून शांतपणे वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचं आत्मचरित्र मागवलं. 'चेंजलिंग', २००७ साली निघालेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून दीड महिना वाचत होतो. त्यात आई आहे. माइक लहान असताना तिला एक बाळ झालं, डाउन सिंड्रोम असलेलं, ते गेलं. ती त्यातून सावरली नाही. गोळ्या, मनोरुग्णालय, घर, पुन्हा गोळ्या. एके काळी स्वतः नर्स असलेली बाई. हा पोरगा आपल्या खोलीत दार लावून गिटार वाजवत बसायचा, कारण बाहेर काय चाललंय ते ऐकायचं नव्हतं. पुढे कोवळ्या वयात एकदा अमली पदार्थ घेतला आणि त्यानंतर त्याला झटके सुरू झाले. अचानक प्रचंड भीती, श्वास कोंडणं, आता मरणार ही खात्री. माणसांत गेलं की जास्त. आणि फक्त वाजवताना नाही.

ते पान मी मिटलं. पुन्हा उघडलं. मग सौ.ला स्वयंपाकघरातून बोलावून मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर तुमचंच लिहिलंय."

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना 'अ‍ॅसिडिटी' सांगायचो. २०१२ च्याच गणपतीत याच मंडपात आरती चालू असताना मी झांजा खाली ठेवून मागे निघून गेलो होतो. आपल्याला वाटलं मी साउंडचा फ्यूज बघायला गेलो. फ्यूज ठीक होता. मी जनरेटरच्या मागे बसलो होतो. हे मी आज चारचौघांत पहिल्यांदाच सांगतोय. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, सव्वा वर्ष औषध घेतलं. नोकरी चालू आहे, नाइटसुद्धा करतो. अजूनही वर्षातून एखाद वेळा येतं. आलं की बाहेर येऊन बसतो आणि बोटांवर मात्रा मोजतो. पंधरापर्यंत.

दुःख भोगलं की माणूस मोठा कलाकार होतो, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. त्याच्या आईनं किती भोगलं, ती कुठे कलाकार झाली? मी फक्त एवढंच बघतो की त्या भीतीतसुद्धा त्याचे हात काम करत होते.

त्याची तिसरी रेकॉर्ड 'ओमाडॉन', १९७५ ची. माझ्या मते ही सगळ्यात चांगली, ट्यूब्युलर बेल्सपेक्षाही. ती घरच्याच स्टुडिओत करत असताना आई वारली. आणि त्याच कामात दुसरं संकट आलं. थरावर थर चढवताना टेप इतक्या वेळा हेडवरून फिरली की तिच्यावरचा लेप झडायला लागला, आवाज जायला लागला. महिनोन्महिने केलेली पहिली बाजू फेकून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं वाजवलं. त्यात आयर्लंडची पाइप वाजवायला पॅडी मोलोनी आले, दक्षिण आफ्रिकेच्या जबुला गटाचे ढोल आले, बहीण गायली. नाव 'मूर्ख' या अर्थाच्या आयरिश शब्दावरून घेतलेलं. पहिल्या बाजूच्या शेवटी त्या ढोलांवर त्याची गिटार जशी ओरडते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. ज्याला आई आहे त्याला कळतं.

पुढचं भराभर सांगतो. १९७८ मध्ये 'इन्कँटेशन्स' केलं, चार बाजूंचं. मला थोडं लांबलेलं वाटतं. त्याच वर्षी 'एक्झेजेसिस' नावाच्या एका शिबिराला गेला आणि एकदम बदलला. दाढी काढली, मुलाखती देऊ लागला, १९७९ मध्ये मोठा ताफा घेऊन युरोपभर दौरा केला आणि पैसे बुडवले. त्या शिबिरावर तिकडे बरेच वाद झाले. त्याचं ऐकून कुणी तसल्या शिबिराला जावं असं मी म्हणणार नाही, डॉक्टर आहेत. मग विमान चालवायला शिकला, वादळात सापडून वाचला, त्यावर 'फाइव्ह माइल्स आउट' केलं. १९८३ मध्ये 'मूनलाइट शॅडो' हे गाणं, मॅगी रायलीच्या आवाजातलं, युरोपात घराघरांत गेलं. १९८४ मध्ये कंबोडियावरच्या 'द किलिंग फील्ड्स' सिनेमाला संगीत दिलं.

व्हर्जिनशी मात्र बिनसलं. त्याला वाटायचं, आपल्या जिवावर कंपनी उभी राहिली आणि आपल्यालाच कमी मिळालं. कंपनीला सोपी गाणी हवी होती, किंवा पुन्हा एक ट्यूब्युलर बेल्स. १९९० मध्ये त्यानं त्यांना 'अ‍ॅमारॉक' दिलं, तासभराचा एकच सलग तुकडा, कुठेही तोडून रेडिओवर लावता येणार नाही असा. त्यात एके ठिकाणी मोर्स कोड आहे. माझे बाबा रेल्वेत तारबाबू होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी कानात कडकट्ट पक्कं. एकदा घरी मी हे लावलं असताना ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "परत लाव." लावलं. ऐकलं. पेपर पुन्हा वर धरला आणि म्हणाले, "शिवी दिली आहे कुणाला तरी. नावाची अक्षरं आर, बी." रिचर्ड ब्रॅन्सन! शिवी कोणती ते बाबांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी दुसरीकडून माहिती काढली आणि इथे सांगणार नाही, गणपती समोर आहेत.

व्हर्जिन सोडल्यावर १९९२ मध्ये त्यानं 'ट्यूब्युलर बेल्स टू' केलं, १९९८ मध्ये 'थ्री'. तेच दुकान पुन्हा उघडलं असं मला वाटतं, पण घर त्यालाही चालवायचं असतं. २००३ मध्ये तर मूळ रेकॉर्डच त्यानं नव्यानं वाजवली, सूत्रधार म्हणून जॉन क्लीझला घेऊन. कारण? जुन्यात चुका राहिल्या होत्या. आठवड्यात काम उरकायचं होतं, काही सूर हलले होते, ते त्याला तीस वर्षं टोचत होते. नवी रेकॉर्ड सगळी सुरात आहे, ताल चोख आहे. माझी अख्खी नोकरी चूक शून्य ठेवण्यात गेली, त्यामुळे मला हीच आवडायला हवी. पण मी ती दोनदा ऐकून ठेवून दिली. जुनीत एका जागी गिटार किंचित मागे पडते आणि मग धावत येऊन गाडी पकडते. ती जागा नवीत नाही.

२०१७ मध्ये 'रिटर्न टू ओमाडॉन' आलं. पुन्हा एकटा, पुन्हा दोन बाजू, पुन्हा सगळी वाद्यं स्वतःची. 

आमचे चिरंजीव आज लॅपटॉपवर बसलेत. त्यांच्याकडे सोळा नाही, हवे तितके ट्रॅक आहेत, आणि तेही खोलीचं दार लावून घेतात. मी पूर्वी बाहेरून ओरडायचो. आता दार वाजवतो आणि विचारतो, आत येऊ का. कधी हो म्हणतात, कधी नाही.

वेळ झाली, सचिव घड्याळ दाखवतायत. चिरंजीव, पहिल्या बाजूचा शेवट लावा. मागच्या दोन ट्यूबलाइट जरा बंद करा कुणीतरी, समई राहू दे. सूत्रधार एकेक वाद्याचं नाव घेईल, ते नीट ऐका. शेवटचं नाव घंटेचं आहे. ती वाजेपर्यंत कृपया कुणी उठू नये; मोदक भरपूर आहेत, सगळ्यांना पुरतील.